एबीएसचा दिवा विझत नाही, २३,६०० चं एस्टिमेट हातात दिलंय

रामबागचा_रायडर
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. गाडी २०० सीसी, ड्युअल चॅनेल एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना), २०२१ चं मॉडेल, ३१ हजार किलोमीटर, वॉरंटी संपलेली. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी पळायला लागली तरी विझत नाही. ब्रेक दोन्ही नीट, लिव्हर कडक. वर्कशॉपचं (नाव घेत नाही) म्हणणं, मॉड्युलेटर (एबीएसचं मुख्य युनिट) गेला, अख्खं युनिट बदला. पार्ट २०,०००, वर १८ टक्के जीएसटी, झाले २३,६००. लेबर आणि ब्रेक ऑइल वेगळं. दोषाचा कोड कुठला आला विचारलं तर "मशीन लावून बघितली ना" एवढंच.

युनिट खरंच इतक्या सहज जातं का? त्याआधी काय काय तपासून घ्यावं? इंदूरमधल्या आणि बाहेरच्याही जाणकारांनी सांगावं.

अवजारपेटी
कोड न सांगता युनिट बदला म्हणणं म्हणजे ताप न मोजता ऑपरेशनला घेणं. आधी दिवा नेमका कसा वागतो ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं.

चावी दिल्यावर दिवा लागणं हा दोष नाही. युनिट स्वतःची तपासणी करतं, आणि चाकांकडून स्पीडचा सिग्नल आल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. म्हणून दिवा गाडी हलल्यावरच, साधारण ताशी ५ ते १० किलोमीटरला विझतो. जागेवर उभ्या गाडीत तो विझायची वाट बघणारे बरेच जण असतात.

सुरुवातीपासून लागलेला राहिला तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटलेली, कपलर (वायरींचा जोड) सुटलेला, फ्यूज उडालेला किंवा खरंच युनिट, असा क्रम धरा. आधी विझून नंतर खड्ड्यात किंवा ठरावीक स्पीडला परत लागला, तर वायर आतून तुटून लटकतेय, रिंग (चाकाबरोबर फिरणारी, सेन्सर वाचतो ती खाचांची चकती) वाकलीय किंवा व्हील बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलाय. सेल्फ मारताना किंवा हॉर्न-हेडलाइट एकदम लावल्यावर लागला, तर बॅटरीकडे बघा. आणि चावी दिल्यावर दिवा लागतच नसेल, तर ते सगळ्यात वाईट, कारण कुणाचं लक्षच जात नाही.

अजून एक. गाडी मेन स्टँडवर लावून गिअरमध्ये मागचं चाक फिरवलं की मागचं चाक पळतंय आणि पुढचं थांबलंय असं युनिटला दिसतं, मग ते दिवा लावतं. चेन साफ करून झाल्यावर लोक याच दिव्याला घाबरतात. चावी बंद करून परत चालू करा, थोडं चालवा, जातो.

सराफा_रात्री_बारा
म्हणजे चेनला ग्रीस लावल्याबद्दल गाडीने डोळे वटारले!

माळवी_पाना
@अवजारपेटी, यादी बरोबर आहे, फक्त आपल्या भागातलं एक कारण वर घ्या. काळी माती. पावसाळ्यात महूच्या पुढे पातालपाणी, चोरलकडच्या कच्च्या रस्त्यावर गाडी घातली की ही माती रिंगच्या खाचांत जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट. सेन्सरला खाच आणि दात यातला फरक कळेनासा होतो.

दुसरं म्हणजे लोखंडाचा कीस. स्टीलची रिंग असली की सेन्सरच्या आत छोटं मॅग्नेट असतं. डिस्क आणि पॅडमधून झडणारा बारीक कीस त्याच्या टोकाला मिशीसारखा चिकटतो. सेन्सर एका ॲलन बोल्टवर असतो. बोल्ट काढा, सेन्सर सरळ ओढा (पिळू नका, वायरला धरून तर अजिबात नाही), टोक कोरड्या कापडाने पुसा. रिंगच्या खाचा नायलॉनच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने. वायरचा ब्रश, स्क्रूड्रायव्हर नको. डिझेल मारू नका, ते डिस्कवर गेलं तर एबीएसचं सोडा, साधा ब्रेकही लागणार नाही.

तिसरं, पंक्चरचं दुकान. चाक उतरवलं की रिंगची बाजू खाली करून आपटतात आणि त्यावर उभं राहून टायर काढतात. रिंग पातळ पत्र्याची, लगेच वाकते. पंक्चरवाल्याला एवढंच सांगा, "भिया, रिंगवाली साइड ऊपर रखना." @रामबागचा_रायडर, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत मागचं चाक उतरवलं होतं का?

रामबागचा_रायडर
हो, मागचा टायर नवीन टाकलाय. १३०/७०-१७ होता, आता १४०/७०-१७ आहे. दिवा त्यानंतर आठवड्याभराने लागला.

शेव_परमल
सापडला चोर! टायरचा साइज बदलला म्हणून एबीएस गोंधळलं. जुना साइज टाका, दिवा जाईल. पोहे-जिलेबीचे पैसे पाठवून द्या.

गणिताची_वही
@शेव_परमल, जिलेबी थांबवा, आधी आकडे मांडू. १७ इंची रिम म्हणजे ४३१.८ मिमी. १३०/७० ची साइडवॉल १३० च्या ७० टक्के, म्हणजे ९१ मिमी, दोन्ही बाजू मिळून टायरचा व्यास ६१३.८. १४०/७० ची साइडवॉल ९८, व्यास ६२७.८. फरक १४ मिमी, म्हणजे सुमारे २.३ टक्के. झिजलेल्या आणि नव्या टायरमध्येही टक्का-दीड टक्का फरक पडतोच, युनिटला एवढं पचवता येतं. शिवाय दोन चाकांचा वेग जुळत नसेल तर दिवा थोडं चालवल्यावर लागला असता. यांचा सुरुवातीपासून विझतच नाही.

टायर तरीही कंपनीने दिलेल्याच साइजचा हवा, एबीएसचा हिशेब त्यावरच बसवलेला असतो. पण या दिव्याचा गुन्हेगार तो वाटत नाही. टायर *बदलताना* काय झालं, तिथे बघा.

अवजारपेटी
+१. चाक बसवताना सेन्सरची वायर एक्सल आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मध्ये चिमटली जाणं, किंवा वायर क्लिपमध्ये परत न अडकवणं, हे टायर बदलल्यानंतरचं नेहमीचं दुखणं. लटकती वायर टायरला किंवा चेनला घासते आणि आठवड्याभरात इन्सुलेशन जातं. यांचा आठवडाही जुळतोय.

निळी_छत्री
दिवा लागलेला असताना गाडी चालवली तर चालते का? रोज राऊहून पलासियाला जायचं असतं, गाडी घरी ठेवून भागत नाही.

माळवी_पाना
@निळी_छत्री ताई, दिवा लागला म्हणजे एबीएस बाजूला झालं, ब्रेक साधे राहिले. हायड्रॉलिक लाइन तशीच चालू असते. चालवता येते, पण चाक जाम होऊ शकतं हे डोक्यात ठेवून. पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, आधी हलका आणि मग वाढवत. ओल्या रस्त्यावर, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर, गटारांच्या लोखंडी झाकणांवर जपून. अंतर जास्त ठेवा. भेरूघाटात उतरताना खालचा गिअर आणि इंजिन ब्रेक.

हे फक्त एबीएसचा पिवळा दिवा असेल तरच. लिव्हर मऊ झाली, दाबल्यावर हँडलला टेकतेय, किंवा ब्रेक ऑइल खाली गेलंय, तर गाडी हलवायचीच नाही.

चेनस्प्रॉकेट
सेन्सर चांगला की वाईट ते मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. कपलर काढा, सेन्सरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा. एक-दीड किलोओहम आला तर चांगला, ओपन दाखवला तर गेला. एवढं साधं आहे.

गणिताची_वही
@चेनस्प्रॉकेट, हे जुन्या कॉइलवाल्या सेन्सरचं झालं. आताच्या बहुतेक गाड्यांत हॉल पद्धतीचा, म्हणजे आत सर्किट असलेला सेन्सर येतो. त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही. मीटरवर ओपन दिसेल आणि चांगला सेन्सर कचऱ्यात जाईल.

बरोबर पद्धत अशी. आधी कपलर सोडून गाडीच्या वायरिंगच्या बाजूला, चावी चालू करताच, दोन पिनांमधले व्होल्ट बघा. बॅटरीच्या आसपास आले तर युनिटपासून इथपर्यंतची वायर ठीक. "करताच" यासाठी म्हटलं, की शॉर्ट सापडला तर युनिट तो सप्लाय बंद करून टाकतं आणि नंतर मोजणाऱ्याला शून्य दिसतो.

मग सेन्सर. दोन वायरींचा हॉल सेन्सर व्होल्ट नाही, करंट बदलतो. खाचेसमोर साधारण ७ मिलिअँपिअर, दातासमोर १४, किंवा उलट. १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस सेन्सरच्या सप्लाय पिनला, दुसऱ्या पिनपासून १०० ओहमचा रेझिस्टर, रेझिस्टरचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला. आता रेझिस्टरच्या दोन टोकांवर मीटर ठेवून चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. ०.७ आणि १.४ व्होल्ट आलटून पालटून दिसले तर सेन्सर आणि रिंग दोन्ही ठणठणीत. एकाच आकड्यावर अडकला तर सेन्सर किंवा गॅप. शून्य आला तर वायर तुटली. सप्लायची पिन कुठली ते वायरिंग डायग्राममध्ये बघून घ्या, आणि तीन वायरींचा सेन्सर असेल तर ही पद्धत लावू नका.

चेनस्प्रॉकेट
बरोबर, कॉइलवालाच डोक्यात होता. पण रेझिस्टर घेऊन कुठला मिस्त्री बसणार?

गणिताची_वही
रेझिस्टर एक-दोन रुपयांना मिळतो. २३,६०० च्या समोर बसायला हरकत नसावी.

सराफा_रात्री_बारा
वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्या मिस्त्रीला दाखवतो, तो रेझिस्टर चहात बुडवून खाईल.

रिंगमास्टर
गॅपबद्दल कुणी बोललं नाही. रिंग आणि सेन्सरच्या टोकामध्ये बहुतेक गाड्यांत अर्धा ते दीड मिलिमीटर एवढीच जागा असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चाकाच्या एका फेरीत सात-आठ ठिकाणी मोजा. एका जागी ०.७ आणि दुसऱ्या जागी १.६ आला तर रिंग वाकलीय.

गॅप कमी असेल आणि सेन्सर रिंगला घासत असेल तर बोल्टखाली पातळ वॉशर टाकून काम होतं.

अवजारपेटी
@रिंगमास्टर, मोजण्याबद्दल सहमत, वॉशरबद्दल अजिबात नाही. हा गॅप ॲडजस्ट करायचा नसतोच, कास्टिंगमध्येच ठरलेला असतो. कमी-जास्त झालाय म्हणजे काहीतरी चुकलंय: स्पेसर उलटा बसला, ब्रॅकेट वाकला, बेअरिंग ढिलं झालं किंवा सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगला. वॉशर टाकून ते झाकता, मग कमी स्पीडला सिग्नल क्षीण होतो आणि दिवा अजून चुकीच्या वेळी लागतो. बैठक साफ करा, स्पेसर बघा. रिंग वाकली असेल तर हातोडीने सरळ करत बसू नका, नवीन टाका. युनिटच्या मानाने रिंग म्हणजे चिल्लर.

रिंगमास्टर
तात्पुरतं घरी पोचण्यापुरतं म्हणत होतो. बाकी मान्य.

बॅटरीवाले_काका
सगळे सेन्सरच्या मागे लागलेत, माझा मुद्दा राहून जाईल. एबीएस युनिटमध्ये पंपाची मोटर असते, तिला करंट लागतो. व्होल्टेज खाली गेलं की युनिट सरळ दोष नोंदवतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी म्हातारी. इंजिन ४-५ हजार आरपीएमवर असताना १३.५ ते १४.८ यायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, तो एबीएससकट सगळं जाळेल.

अर्थिंगही (मायनसची जोडणीही) बघा. मीटरचा मायनस बॅटरीच्या मायनसवर, प्लस युनिटच्या अर्थ पिनवर, चावी चालू. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचं टोक काढून घासा. आणि फॉगलॅम्प कुठून जोडलेत? एबीएसच्या फ्यूजमधून लाइन काढणारे इलेक्ट्रिशियन या शहरात कमी नाहीत. एबीएसला सहसा दोन फ्यूज असतात, एक मोटरचा, एक व्हॉल्व्हचा. दोन्ही डोळ्यांनी नाही, मीटरने तपासा.

रामबागचा_रायडर
काका, बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.४, चार्जिंग १४.२. दोन्ही फ्यूज ठीक. फॉगलॅम्प नाहीत.

बॅटरीवाले_काका
मग माझ्याकडून सुटलात.

कोडवाचक
कोड स्वतः वाचता येतो. बीएस-६ (भारत स्टेज ६ प्रदूषण मानकाच्या) गाड्यांत सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे सहसा लाल रंगाचं सहा पिनांचं कपलर असतं. त्याला सहा पिनांपासून सोळा पिनांपर्यंतची जोडवायर आणि ब्लूटूथ ॲडॉप्टर लागतो. अडचण अशी की फुकटची ॲप बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतात, एबीएसच्या युनिटशी बोलत नाहीत. तिथे 'कोड नाही' आलं म्हणजे दोष नाही असं समजू नका. एबीएसचे कोड 'सी' अक्षराने सुरू होतात, ते दाखवणारं मशीन असलेल्या मल्टिब्रँड गॅरेजमध्ये शे-पाचशे देऊन वाचून घ्या. काही जुन्या गाड्यांत कपलरच्या दोन पिना जोडल्या की दिवाच लुकलुकून कोड सांगतो, पण मॅन्युअल न बघता पिना जोडू नका.

वर्कशॉपकडून जॉब कार्डवर कोडचा नंबर लिहून मागा. युनिटच्या आतल्या मोटरचा किंवा व्हॉल्व्हचा कोड असेल आणि सप्लाय-अर्थ दोन्ही ठीक असतील, तरच युनिटवर बोट ठेवता येतं. आणि काहीही बदललं तरी जुना पार्ट हातात घ्या.

शेव_परमल
एवढं करण्यापेक्षा फ्यूज काढून टाका आणि दिव्यावर काळी टेप. आपले वडील एबीएसशिवायच राजवाड्याला फेऱ्या मारायचे ना.

माळवी_पाना
@शेव_परमल, तेव्हा राजवाड्याला ट्रॅफिकही तेवढंच होतं. फ्यूज काढला तर दिवा लागलेलाच राहतो, म्हणजे ते काम फुकट. नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं आहे. कंपनीची यंत्रणा काढून टाकणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. अपघात झाला तर विमावाल्याला आयतं कारण मिळेल.

निळी_छत्री
अवांतर: काही गाड्यांत मागचं एबीएस बटणाने बंद करता येतं, ते कायदेशीर कसं मग?

कोडवाचक
ते कंपनीनेच दिलेलं असतं. रॉयल एनफिल्ड हिमालयनच्या २०२० च्या बीएस-६ मॉडेलपासून मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आहे, कच्च्या रस्त्यासाठी. पुढचं चालूच राहतं. अशा गाड्यांमध्ये दिव्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये बघून मगच मिस्त्रीकडे जा, बटण दाबलं गेलं म्हणून वर्कशॉप गाठणारेही असतात.

जुना_बाजार
युनिटच बदलायची वेळ आली तर कबाडीतून अपघाती गाडीचं युनिट चार-पाच हजारांत मिळू शकतं. छोटी ग्वालटोलीत चौकशी करा.

अवजारपेटी
@जुना_बाजार, स्वस्तातलं महाग. एक, लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, मॉडेल एकच असून चालत नाही. दोन, उघड्या पोर्टांनी पडून राहिलेल्या युनिटमध्ये ओल जाते आणि आतले बारीक व्हॉल्व्ह चिकटतात. तीन, बऱ्याच गाड्यांत युनिट बदलल्यावर मशीनने व्हॉल्व्ह उघड-बंद करत एअर काढावी लागते. नुसतं लिव्हर पंप करून आतली हवा निघत नाही, लिव्हर स्पंजसारखी राहते.

व्हॉल्व्ह चिकटायचं मूळ कारण बहुधा जुनं ब्रेक ऑइल. डॉट ४ हवेतलं पाणी ओढतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी गेलं की किमान १५५ एवढाच उरतो. पाण्याने आत गंजही धरतो. दर दोन वर्षांनी बदला, २५० मिलीची सीलबंद बाटली दोन्ही लाइनना पुरते. झाकण उघडून ठेवलेली वर्षभरापूर्वीची बाटली वापरू नका. आणि डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं. डॉट ५.१ वेगळं, त्याच्याशी गल्लत नको.

गणिताची_वही
खर्चाचा ढोबळ अंदाज, याच सीसीच्या गाड्यांसाठी. साफसफाई आणि कपलरला कॉन्टॅक्ट क्लीनर: दोन-पाचशे. सेन्सर: ८०० ते ३,०००. रिंग: हजाराच्या आत-बाहेर. बॅटरी: दीड ते अडीच हजार. युनिट: १२ हजारांपासून पुढे कितीही. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करायची, वर्कशॉप मात्र उलट्या टोकाने सुरू करतं.

जीएसटीचंही बघा. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. २०,००० च्या पार्टला २५,६०० चं जुनं एस्टिमेट कुणाकडे पडलं असेल तर परत काढून घ्या.

रामबागचा_रायडर
अपडेट. मल्टिब्रँड गॅरेजमध्ये कोड वाचला, ३०० रुपये. एकच कोड: मागच्या चाकाच्या सेन्सरचा सिग्नल नाही. मोटरचा, व्हॉल्व्हचा काहीही नाही. वायरिंगच्या बाजूला चावी देताच १२.३ व्होल्ट. साइड पॅनेल काढलं तर सेन्सरची वायर स्विंगआर्मवरच्या क्लिपमध्ये नव्हतीच, टायरला घासून एक तार पूर्ण तुटलेली. रिंगचा गॅप आठ ठिकाणी ०.८ ते १.०.

तुटलेली तार जोडून घेऊ की सेन्सरच बदलू?

अवजारपेटी
बदला. सेन्सर आणि वायर एकत्र मोल्ड केलेली असते. मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये पिळलेला जोड, वर टेप, पहिल्या पावसात पाणी आत. सोल्डर करून हीट श्रिंक लावला तरी स्विंगआर्मवर वायर सतत हलते, जोडापाशीच परत तुटेल. प्रवासात अडकलात तर जोड ठीक, घरी असताना नाही.

माळवी_पाना
सेन्सर घेताना पुढचा-मागचा वेगळा आहे का ते पार्ट नंबरवरून बघा. दिसायला सारखे, वायरची लांबी वेगळी. टोकावरची प्लास्टिकची टोपी बसवताना काढा, काही जण तशीच ठेवून बसवतात आणि मग नवा सेन्सर खराब निघाला म्हणून भांडतात.

रामबागचा_रायडर
बसवला. सेन्सर १,४५०, लेबर २५०, कोडचे ३००. एकूण २,०००. दहाच्या स्पीडला दिवा विझला. कोड मात्र मशीनमध्ये हिस्टरीत दिसतोय.

कोडवाचक
हिस्टरीतला कोड मशीनने पुसून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी नवा-जुना गोंधळ होणार नाही. मग मोकळ्या, सरळ, बारीक खडीच्या रस्त्यावर २५-३० च्या स्पीडला फक्त मागचा ब्रेक जोरात दाबा. पायाला पेडल थरथरलं आणि चाक घसरत गेलं नाही, तर काम झालं. मागे कुणाला बसवू नका.

सराफा_रात्री_बारा
२१,६०० वाचले. एवढ्यात अख्खा धागा भुट्टे का कीस खाईल.

माळवी_पाना
@रामबागचा_रायडर, वायर क्लिपमध्ये अडकवलीत की झिप टाय मारला? टाय मारला असेल तर गाडीवर दोघं बसून मागचं सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा. पुढच्या टोकाला वायर ताणली जाता कामा नये.

रामबागचा_रायडर
टायच होता, आणि ताणली जात होती. कापला. कंपनीची क्लिप वीस रुपयांना मिळते म्हणे, उद्या आणतो.